तक्ता, आलेख व नकाशा : वाचन आणि अर्थ



औंधच्या यमाई देवीच्या डोंगराच्या उतारावर श्री भवानी चित्रसंग्रहालयाची वास्तू आहे. औंध संस्थानचे अधिपती भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी १९३८ साली ते उभारले. राजा रविवर्मा यांची चित्रे व हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराने घडविलेले माता-बालकाचे शिल्प तेथे पाहावयास मिळते. खेड्यातील एखादे मूल या शिल्पासमोर उभे राहिले, म्हणजे कोणी काही न सांगताही त्याला पुष्कळसे उमगते. ही आई, हे तिचे बाळ, एवढे तरी ते नक्की ओळखते. परंतु तेच मूल शाळेत परतून भिंतीवरील पर्जन्यमानाच्या आलेखासमोर उभे राहिले, तर मात्र त्याची नजर गोंधळते. निळ्या रंगाचे उभे पट्टे त्याला दिसतात, पण त्यांतून पाऊस दिसत नाही.

याचे कारण उघड आहे. आलेख चित्रासारखा दिसतो, पण तो चित्र नव्हे. ते एक प्रकारचे लेखन आहे. अक्षरांना जसे उच्चार असतात, वाक्याला जसे व्याकरण असते, तसे कोष्टकाच्या ओळी व स्तंभ, आलेखाचे अक्ष, नकाशाचे प्रमाण व खुणा यांचेही एक व्याकरण असते. बाराखडी न शिकविता मुलाने पुस्तक वाचावे, अशी अपेक्षा कोणी करीत नाही. तक्ता मात्र भिंतीवर टांगला म्हणजे तो मुलांना आपोआप कळला, असे पुष्कळदा गृहीत धरले जाते. परिश्रमपूर्वक रंगविलेले सुंदर तक्ते वर्षानुवर्षे भिंतीवर धूळ खात राहतात, आणि त्यांचे वाचन एकदाही होत नाही. तक्ता शाळेची शोभा वाढवितो यात शंका नाही, तथापि त्याचे खरे काम शोभेचे नाही.

या वाचनाच्या तीन पायऱ्या मानाव्यात. पहिली पायरी म्हणजे जे लिहिले आहे ते अचूक वाचणे : जुलै महिन्यात किती पाऊस पडला? दुसरी पायरी म्हणजे दोन गोष्टींचा संबंध पाहणे : जुलैत जूनपेक्षा किती अधिक पडला? तिसरी पायरी म्हणजे अर्थ लावणे : हा पाऊस ज्वारीला पुरेल काय, आणि हे सांगण्यास एवढी माहिती पुरेशी आहे काय? परीक्षेतील प्रश्न बहुधा पहिल्या पायरीवरच थांबतात. ‘सर्वांत उंच स्तंभ कोणत्या महिन्याचा?’ या प्रश्नाचे उत्तर मूल पाऊस म्हणजे काय हे न समजताही देऊ शकते. खरी परीक्षा तिसऱ्या पायरीवर असते, आणि शिक्षकाच्या साहाय्याची गरजही तेथेच अधिक असते.

कोणताही तक्ता हाती आला, की आकड्यांकडे वळण्यापूर्वी मुलांनी पाच प्रश्न विचारावेत, असा परिपाठ पहिल्यापासून घालून द्यावा. हा तक्ता कशाविषयी आहे? कोणत्या काळचा आहे? कोणत्या ठिकाणचा आहे? आकडे कोणत्या मापात आहेत? आणि ही माहिती कोणी, कशी मिळविली? हे पाच प्रश्न फळ्याच्या एका कोपऱ्यात लिहून ठेवले तरी चालेल. मूल चौथीत असो वा सातवीत, प्रश्न तेच राहतात, उत्तरे मात्र अधिकाधिक खोल होत जातात.

प्रथम कोष्टकाचा विचार करू जाता, सातारा जिल्ह्याइतके उत्तम उदाहरण दुसरीकडे क्वचितच सापडेल. जिल्ह्याच्या पश्चिमेस सह्याद्रीच्या माथ्यावर महाबळेश्वर आहे. तेथे वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो. तेथून पूर्वेस सरळ रेषेत शंभरएक किलोमीटरवर माण व खटाव हे तालुके आहेत. तेथे सरासरी पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे महाबळेश्वरच्या एक-दशांशाएवढाच. अरबी समुद्रावरून येणारे ढग सह्याद्री चढताना आपले बहुतेक पाणी तेथेच टाकून देतात आणि डोंगराच्या पाठीमागील प्रदेश पर्जन्यछायेत राहतो, हे भूगोलाच्या पुस्तकात आहेच.

आता वर्गात असा हिशेब मांडावा. समजा, एका ठिकाणी ५,५०० मिलिमीटर पाऊस पडला व दुसऱ्या ठिकाणी ५००. दोहोंची सरासरी ३,००० मिलिमीटर. हिशेब बरोबर आहे, त्यात एकाही अंकाची चूक नाही. परंतु ३,००० मिलिमीटर पाऊस पडलेले गाव कोणते, असा प्रश्न मुलांना विचारावा. असे गाव या कोष्टकात नाही. सरासरीचा आकडा एका ठिकाणची अतिवृष्टी झाकतो आणि दुसऱ्या ठिकाणचे दुर्भिक्षही झाकतो. सातारा जिल्ह्यात अकरा तालुके आहेत, आणि साऱ्या जिल्ह्यासाठी पावसाचा एकच आकडा कोणी सांगितला, तर माणमधील मुलाने नम्रपणे पण निश्चयाने विचारले पाहिजे, ‘गुरुजी, तालुकावार आकडे कोठे आहेत?’

जी गोष्ट स्थळाची, तीच काळाची. समजा, एका गावी पाच वर्षांत अनुक्रमे ७००, ३००, ६५०, २५० व ६०० मिलिमीटर पाऊस झाला. एकूण बेरीज २,५०० आणि सरासरी ५००. या पाचांपैकी एकाही वर्षी ५०० मिलिमीटर पाऊस झालेला नाही. शेतकऱ्याचे पीक सरासरीवर येत नाही, ते त्या त्या वर्षीच्या पावसावर येते. ज्या वर्षी २५० मिलिमीटर झाला, त्या वर्षी जनावरे छावणीत न्यावी लागली असतील. सरासरीच्या आकड्यात ती छावणी दिसत नाही. म्हणून सरासरी शिकविताना तिच्या शेजारी सर्वांत अधिक व सर्वांत कमी हे दोन आकडे लिहिण्याची सवय मुलांना लावावी. तीन आकडे एकत्र पाहिले, म्हणजे गावाची खरी स्थिती पुष्कळ अंशी ध्यानात येते.

मापाविषयीही एक गोष्ट येथेच सांगितली पाहिजे. ‘एक मिलिमीटर पाऊस’ हे शब्द मुले पाठ म्हणतात, पण तेवढ्या पावसाचे पाणी किती, हे त्यांना ठाऊक नसते. एक चौरस मीटर सपाट जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला, तर बरोबर एक लिटर पाणी जमते. तेहतीस फूट लांब व तेहतीस फूट रुंद अशी एक गुंठा जागा सुमारे १०१ चौरस मीटर भरते. तेव्हा ज्या गावी वर्षाला ५०० मिलिमीटर पाऊस पडतो, त्या गावच्या एका गुंठ्यावर सुमारे पन्नास हजार लिटर पाणी आकाशातून उतरते. शाळेचे छप्पर एक गुंठा असेल, तर काही पाणी वाया जाते असे धरूनही किती घागरी भरतील, हे मुलांनीच काढावे. कोष्टकातील कोरडा आकडा अशा रीतीने घागरीत उतरला, म्हणजे तो पुन्हा विसरला जात नाही.

कोष्टकानंतर रेषालेख. त्यासाठी शाळेजवळची विहीर हेच उत्तम साधन होय. काठावरून दोरी सोडून पाण्यापर्यंतची खोली ठराविक तारखेस मोजावी. हे काम शिक्षकाने किंवा गावातील जाणत्या माणसाने करावे, मुलांनी विहिरीपासून दूर उभे राहून नोंद घ्यावी. समजा, ही खोली ऑक्टोबरात ३ मीटर, जानेवारीत ५, मार्चमध्ये ८ आणि मे महिन्यात ११ मीटर भरली. या चार आकड्यांचा आलेख काढावयास सांगितला, तर बहुतेक मुले दोन चुका करतील, आणि त्या दोन्ही चुका मोलाच्या आहेत.

पहिली चूक अशी, की आकडा वाढला म्हणून रेषा वर चढते आणि मूल म्हणते, ‘पाणी वाढले.’ वस्तुतः येथे आकडा खोलीचा आहे. खोली वाढली म्हणजे पाणी आटले. म्हणून अशा आलेखात शून्य वरच्या बाजूस, काठाच्या जागी, मांडावे आणि आकडे खाली उतरत जावेत. मग रेषाही खाली उतरते आणि विहिरीतील पाण्याप्रमाणेच दिसू लागते. अक्षावर काय मोजले आहे, हे न वाचता रेषेच्या चढउताराकडे पाहणे किती फसवे असते, हे या एका उदाहरणाने मुलांच्या मनावर कायमचे ठसेल.

दुसरी चूक अधिक सूक्ष्म आहे. मुले चार महिने समान अंतरावर मांडतात. पण ऑक्टोबर ते जानेवारी हे अंतर तीन महिन्यांचे, आणि पुढील दोन अंतरे दोन-दोन महिन्यांची आहेत. कालाचा अक्ष काढताना मधले महिनेही मोकळे सोडले पाहिजेत. तसे केल्यावर दिसून येते, की पहिल्या तीन महिन्यांत पाणी दोन मीटर उतरले, म्हणजे दरमहा पाऊण मीटरहूनही कमी, आणि जानेवारीनंतर मात्र ते दरमहा दीड मीटर या वेगाने उतरू लागले. रेषा कोठे अधिक तिरपी झाली ते पाहणे, हीच रेषालेखाच्या वाचनाची किल्ली होय.

जानेवारीनंतर पाणी वेगाने का आटले? येथे आलेख मुका होतो. गहू-हरभऱ्याला व कांद्याला पाणी दिले म्हणून आटले असेल, झऱ्याचा ओघ मंदावला असेल, शेजारी नवी विंधनविहीर झाली असेल. आलेखाने प्रश्न उभा केला, त्याचे उत्तर शिवारात जाऊन, जुन्या माणसांना विचारून शोधावे लागते. ‘आलेखावरून असे दिसते’ आणि ‘त्याचे कारण असे असावे’ ही दोन वाक्ये वेगळी आहेत. मुलांच्या वहीत ती वेगळ्या ओळींवर लिहविली, तर त्यांच्या विचारालाच शिस्त लागेल.

स्तंभालेखाकडे येताना थोडी सावधगिरी हवी. समजा, एका शाळेचा पट गेल्या वर्षी ४८ होता व यंदा ५० झाला. उभा अक्ष शून्यापासून काढला, तर दोन्ही स्तंभ जवळजवळ सारख्याच उंचीचे दिसतील. पण कोणी अक्ष ४६ पासून सुरू केला, तर पहिला स्तंभ दोन घरे उंच व दुसरा चार घरे उंच होईल, आणि पाहणाऱ्याला पट दुप्पट झाल्याचा भास होईल. आकडे खरे, चित्र खोटे, असा हा प्रकार आहे. वर्तमानपत्रांत व जाहिरातींत तो नेहमी आढळतो. चित्रालेखातही अशीच गफलत होते. धान्य दुप्पट झाले हे दाखविण्यासाठी पोत्याचे चित्र दुप्पट उंच व दुप्पट रुंद काढले, की कागदावर ते चौपट जागा व्यापते आणि डोळ्यांना पीक चौपट झाल्यासारखे वाटते. यासाठी मोठे पोते न काढता तेवढ्याच आकाराची दोन पोती काढावीत.

शेकडेवारीचेही असेच आहे. एका वस्तीशाळेत ५ पैकी ४ मुले उत्तीर्ण झाली, म्हणजे शेकडा ८०. मोठ्या गावच्या शाळेत ५० पैकी ३८ उत्तीर्ण झाली, म्हणजे शेकडा ७६. तक्त्यात वस्तीशाळा वर दिसेल. पण त्या शाळेतील एकच मूल परीक्षेच्या दिवशी तापाने निजले असते, तर ८० चे ६० झाले असते, मोठ्या शाळेत मात्र एका मुलाने केवळ दोनाचा फरक पडला असता. म्हणून शेकडेवारी वाचताना ‘कितींपैकी?’ हा प्रश्न सोडू नये. लहान शाळांच्या शिक्षकांना या प्रश्नाचे महत्त्व वेगळे सांगावयास नको.

या सर्व प्रकारांत अत्यंत जिव्हाळ्याचा आलेख कोणता असेल, तर तो अंगणवाडीतील बालकाच्या वाढीचा. आडव्या अक्षावर वय, उभ्या अक्षावर वजन, आणि मागे रंगीत पट्टे. बाळाचा बिंदू हिरव्या पट्ट्यात पडला की घरची माणसे निश्चिंत होतात. पण हा आलेख एका बिंदूने वाचावयाचा नसतो, तो रेषेच्या दिशेने वाचावयाचा असतो. बिंदू हिरव्या पट्ट्यात असला, तरी लागोपाठ दोन-तीन महिने रेषा आडवीच राहिली, तर बाळाची वाढ थांबली आहे आणि त्याला वैद्यकीय तपासणीची गरज आहे. उलट, खालच्या पट्ट्यातील बाळाची रेषा महिन्यामहिन्याला वर चढत असेल, तर ते सावरत आहे. सहावी-सातवीतील एखाद्या मुलीला हे वाचन आले, तर आपल्या धाकट्या भावंडाचा आलेख तीच आईला समजावून सांगेल. शाळेत शिकविलेल्या धड्याचा घराला इतका प्रत्यक्ष उपयोग क्वचितच होतो.

आता नकाशा. त्यासाठी औंधच्याच इतिहासाचा आधार घेणे योग्य ठरेल. जुन्या औंध संस्थानाचे क्षेत्रफळ सुमारे ५०० चौरस मैल होते व त्यात ७२ गावे होती, असे कोष्टक सांगते. एवढ्यावरून मुलांना संस्थानाची कल्पना करावयास सांगावे. कोणी हुशार मुलगा हिशेब करील, की चौरस असता तर त्याची एक बाजू सुमारे बावीस मैल झाली असती, म्हणजे घोडेस्वाराने एका दिवसात पार करावा असा सलग मुलूख. नंतर संस्थानाचा नकाशा दाखवावा. सलग मुलूख कोठेच नाही. औंध एकीकडे, कुंडल दक्षिणेस, आटपाडी पूर्वेस, आणि गुणदाळ तर थेट विजापूरकडे, शंभर किलोमीटरांहून अधिक दूर. हे चार तालुके तुकड्यातुकड्यांनी विखुरलेले, आणि एका तुकड्यातून दुसऱ्यात जावयाचे तर मध्ये परक्या हद्दी ओलांडाव्या लागत. जे कोष्टकाने सांगितले नाही, ते नकाशाने एका दृष्टिक्षेपात सांगितले. पण त्या नकाशावरून लोकसंख्या किंवा महसूल कळत नाही, त्यासाठी पुन्हा कोष्टकाकडेच जावे लागते. दोन्ही शेजारी ठेवूनच वाचावीत.

आजच्या नकाशावर हेच संस्थान शोधू गेल्यास ते सापडणार नाही. १९४८ साली ते मुंबई राज्यात विलीन झाले. औंध आज सातारा जिल्ह्याच्या खटाव तालुक्यात आहे. कुंडल व आटपाडी ही गावे सांगली जिल्ह्यात आहेत, आणि तो जिल्हाही १९४९ साली प्रथम ‘दक्षिण सातारा’ या नावाने निर्माण झाला व १९६० साली त्यास सांगली हे नाव मिळाले. गुणदाळ कर्नाटकात गेले. म्हणजे १९३९, १९५५ व १९६१ या तीन वर्षांचे तीन नकाशे घेतले, तर एकाच भूमीवर वेगवेगळ्या रेषा व वेगवेगळी नावे दिसतील. यांतील एकही नकाशा खोटा नाही, प्रत्येक आपापल्या वर्षापुरता खरा आहे. ज्या नकाशावर वर्ष नाही, त्याच्यावर विसंबू नये, हा धडा येथून घ्यावा. नावाच्या बाबतीतही तसेच. पुण्याजवळही एक औंध आहे. ते साडेअठरा अंश उत्तर अक्षांशाच्या पुढे आहे, यमाईचे औंध साडेसतरा अंशांच्या सुमारास. एक अंश म्हणजे उत्तर-दक्षिण सुमारे १११ किलोमीटर. अक्षांश-रेखांश कशासाठी शिकावयाचे, असे विचारणाऱ्या मुलाला हे उत्तर पुरे आहे.

नकाशाचे प्रमाण शिकविताना दोरा हाती द्यावा. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १ : ५०,००० प्रमाणाच्या नकाशावर एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरील अर्धा किलोमीटर. वळणावळणाच्या रस्त्यावर दोरा ठेवून तो मोजावा, मग दोन टोके सरळ रेषेने मोजावीत. दोहोंतील फरक म्हणजे डोंगराने प्रवाशाकडून घेतलेली जकात, असे सांगितले तर मुले हसतील आणि लक्षातही ठेवतील.

समोच्चरेषा हा भाग कठीण मानला जातो. त्यासाठी यमाईच्या मूळपीठ डोंगरासारखा एक डोंगर ओल्या मातीचा करून परातीत ठेवावा. परातीत एक बोट पाणी ओतावे आणि पाणी जेथे मातीला टेकते तेथे काडीने रेघ ओढावी. आणखी एक बोट पाणी, आणखी एक रेघ. शेवटी सारे पाणी काढून टाकून वरून पाहावे. जेथे चढण उभी आहे तेथे रेघा दाटल्या आहेत, जेथे उतार सौम्य आहे तेथे त्या विरळ झाल्या आहेत. पायऱ्यांची वाट कोणत्या बाजूने काढावी, पाझर तलाव कोठे बांधावा, हे प्रश्न त्याच परातीवर सोडविता येतात.

नद्यांचा एक खेळ याच प्रदेशासाठी फार उपयुक्त आहे. खटाव तालुक्यातून वाहणारी येरळा दक्षिणेस जाऊन सांगली जिल्ह्यात ब्रह्मनाळजवळ कृष्णेला मिळते. शेजारच्या माण तालुक्यातील माणगंगा आटपाडीकडून पुढे जाऊन सोलापूर जिल्ह्यात भीमेला मिळते. दोन खोऱ्यांच्या मधल्या माथ्यावर पावसाचे दोन थेंब हातभर अंतरावर पडले, तर एक येरळेचा होतो व दुसरा माणगंगेचा. त्यांचे मार्ग नकाशावर बोटाने गिरवावयास सांगावे. शेवटी मुलांच्या ध्यानात येईल, की भीमाही पुढे कर्नाटकात कृष्णेलाच मिळते आणि ताटातूट झालेले दोन थेंब पुन्हा एकाच पात्रात येतात. पाणलोट क्षेत्र हा शब्द मग व्याख्येतून शिकवावा लागत नाही.

नकाशाने माणसांचे प्राण वाचविण्यास कशी मदत केली, याची एक गोष्ट जगाच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. १८५४ साली लंडनच्या एका भागात पटकीची साथ आली. डॉ. जॉन स्नो यांनी प्रत्येक मृत्यूची जागा रस्त्यांच्या नकाशावर खुणेने दाखविली. खुणा एका सार्वजनिक पंपाभोवती दाटलेल्या दिसल्या. त्यावर ते थांबले नाहीत. घरोघर चौकशी करून त्यांनी पाहिले, की दूर राहणारे जे दगावले त्यांनीही तेच पाणी प्याले होते, आणि जवळच्याच मद्यनिर्मितीच्या कारखान्यातील कामगार ते पाणी पीत नसल्याने वाचले होते. पंपाचा दांडा काढण्यात आला. साथ तोवर ओसरू लागली होती हे खरे, तथापि पटकी पाण्यातून पसरते या विचाराला या कामाने मोठे बळ दिले. नकाशाने संशय दाखविला, चौकशीने तो दृढ केला. ही दोन्ही कामे मिळून वाचन पुरे झाले.

याच दृष्टीने पाटबंधारे योजनांचे नकाशे वाचावयास शिकविले पाहिजे. कृष्णेचे पाणी उचलून आटपाडीसारख्या भागापर्यंत नेणारी टेंभू योजना, माण-खटावकडे पाणी नेणारी उरमोडी योजना, यांच्या नकाशांवर लाभक्षेत्र रंगाने दाखविलेले असते. आपले गाव त्या रंगात आहे, हे पाहून शेतकऱ्याला आनंद होतो. मुलांनी मात्र सूची वाचावी. तो रंग नियोजित क्षेत्राचा आहे की प्रत्यक्ष भिजलेल्या क्षेत्राचा? तुटक रेषा व सलग रेषा यांत फरक काय? नकाशा कोणत्या वर्षाचा? पूर्ण झालेला कालवा आणि होऊ घातलेला कालवा कागदावर शेजारी-शेजारी असतात, शेतात मात्र त्यांच्यात पिकाएवढे अंतर असते. कोणी फसवीतच आहे, असे गृहीत धरून हे प्रश्न विचारावयाचे नाहीत. लिहिणाऱ्याने जे लिहिले आहे, तेवढेच वाचावे, अधिक वाचू नये, यासाठी ते विचारावयाचे.

१९३९ साली औंध संस्थानात एक अपूर्व प्रयोग झाला. महात्मा गांधींच्या सल्ल्याने, आणि अप्पासाहेब पंत व मॉरिस फ्रीडमन यांच्या परिश्रमाने तयार झालेल्या राज्यघटनेद्वारे राजाने स्वतः होऊन आपली सत्ता प्रजेच्या स्वाधीन केली व गावचा कारभार गावच्या पंचायतीकडे सोपविला. आज ग्रामपंचायत व ग्रामसभा यांना भारतीय राज्यघटनेचे अधिष्ठान आहे. ग्रामसभेपुढे जमाखर्चाचे पत्रक येते, टँकरच्या फेऱ्यांचा तक्ता येतो, पाणलोटाच्या कामांचा नकाशा येतो. ज्यांना ते वाचता येत नाहीत, त्यांना वाचून दाखविणाऱ्याच्या शब्दावर मान डोलवावी लागते. हात वर करण्याचा अधिकार कायद्याने मिळतो, पण कशासाठी हात वर केला हे कळण्याची शक्ती कायद्याने मिळत नाही. ती शाळेतच यावी लागते, आणि खेड्यातील बहुसंख्य मुलांच्या बाबतीत ती देणारा पहिला माणूस प्राथमिक शिक्षकच असतो.

यासाठी मोठा खर्च नको, वेगळा तासही नको. शिक्षकाने वर्षभरात चार गोष्टी कराव्यात. शाळेत साध्या पर्जन्यमापकाने पावसाची रोजची नोंद ठेवावी व ती दर महिन्यास मुलांकडून आलेखात उतरवून घ्यावी. विहिरीची पातळी वर्षातून चार वेळा नोंदवावी. हजेरीपत्रकातील आकड्यांवरून उपस्थितीचा स्तंभालेख काढून सुगीत, ऊसतोडीच्या दिवसांत व यात्रेच्या आठवड्यात तो का खाली येतो, याची वर्गात मोकळी चर्चा करावी. आणि गावचा एक नकाशा मुलांकडूनच पावलांनी मोजून तयार करवावा, त्यावर प्रमाण, उत्तर दिशा, खुणांची सूची व वर्ष ही चार अंगे असल्याशिवाय तो भिंतीवर लावू नये.

असे दोन-तीन वर्षे चालले, तर शाळेच्या भिंतीवर टांगलेले तक्ते संख्येने कदाचित कमी होतील, रंगही साधे असतील. पण त्यांतील प्रत्येक बिंदू कोणी तरी मोजलेला असेल. पुढे एखाद्या दुष्काळी वर्षी गावच्या पाण्याचा हिशेब कागदावर येईल, तेव्हा मागच्या बाकावरची एखादी मुलगी, तोवर ग्रामसभेची सदस्य झालेली, उठून विचारील, ‘हा आकडा कोणत्या महिन्याचा?’ त्या एका प्रश्नाने टँकरची एक फेरी योग्य वस्तीकडे वळली, तरी या पाठाचे सार्थक झाले असे समजावे.